ड्रायव्हरमामांचा लॅपटॉप

ड्रायव्हरमामा कुठल्याही यंत्राची ओळख करून घ्यायचे ती तळहातानं. आमच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरवर चार लॅपटॉप मांडलेले होते, पण त्यांनी एकाचाही पडदा पाहिला नाही. कुबडी काउंटरला टेकवली, उजवा हात एका लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"हा कवापासून चालू हाय?"

"सकाळपासून," मी म्हटलं.

"अन् काय काम करतोय?"

"काहीच नाही. नुसता चालू आहे."

"बसल्या जागी एवढा गरम," ते म्हणाले, "मग काम सांगितल्यावर काय करंल?"

ही २००७ सालची गोष्ट. कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात मी विक्रीही बघायची आणि दुरुस्तीही. हार्डवेअरचा कोर्स करून देवळ्याहून नाशिकला आले होते. वर्षभरात हौस फिटेल आणि पोरगी परत येईल, असं घरच्यांना वाटत होतं. गंगापूर रोडला एका बंगल्यामागची खोली भाड्यानं घेतली होती. सहा दिवस दुकानात निघून जायचे. रविवारी मात्र कपडे धुऊन झाले, की पुढे काय करायचं हे मला कळत नसे. संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्दही बोलणं झालेलं नसायचं.

मामा मूळचे चांदवडचे. तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या ट्रकमधून कांदा वाहिला होता, पाटण्याला, कोलकात्याला, थेट गुवाहाटीपर्यंत. मग साखरेच्या दुखण्यानं डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रक विकला. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात होता, सून एका खासगी कचेरीत. पाथर्डी फाट्याला त्यांचं घर होतं आणि त्याची तळमजल्यावरची मागची खोली मामांना दिलेली होती. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं, ते संध्याकाळी सहाला भरायचं.

दवाखान्यात ड्रेसिंगला गेले असताना शेजारच्या सायबर कॅफेत त्यांनी एकाला ट्रक चालवायचा गेम खेळताना पाहिलं. "त्याला उतारावर गिअर कवा टाकायचा ते कळत नव्हतं," मामा सांगत. "मी मागं उभं राहून अर्धा तास सांगितलं. मग तो उठून गेला." तेव्हापासून त्यांना तो गेम घरी हवा होता. दिवसा तीन-चार तास लोडशेडिंग, म्हणून लॅपटॉप. आणि त्या गेमला साधा लॅपटॉप पुरत नसे, म्हणून चांगल्या ग्राफिक कार्डाचा.

आमच्याकडे तसे दोनच होते. एक मोठा, चंदेरी, तेव्हाच्या मानानं भलताच वेगवान. दुसरा काळा, जाडजूड, दिसायला कचेरीतल्या फायलीसारखा. त्यातलं कार्ड हलकं, पण बांधणी भक्कम. कुणीही गिऱ्हाईक पंधरा मिनिटांत चंदेरीच्या प्रेमात पडायचं आणि किंमत ऐकून निघून जायचं. मामा पुढचे पाच-सहा मंगळवार येत राहिले. मंगळवारी दुकानात गर्दी नसते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. "गाडी घेताना मोकळ्या रस्त्यावर पळवून बघायची नसती," ते म्हणाले. "माल भरायचा अन् घाटात न्यायची. तिथं ती खरं बोलती."

मग मी दोन्हींवर गेम टाकला आणि मामा स्टुलावर बसून चालवू लागले. चंदेरीवर सगळं पाण्यासारखं वाहायचं. काचेवर पावसाचे थेंब ओघळताना दिसायचे, आरशात मागची गाडी दिसायची. मामा त्या आरशात बघून हसायचे. पण पावणेदोन तासांनी पंखा घरघरायला लागला आणि एका वळणावर पडदा काळा झाला. काळ्यावर उलटं. वळण घेताना चित्र अडखळायचं, डोंगर आधी करड्या खोक्यांसारखे दिसायचे आणि जवळ गेल्यावर डोंगर व्हायचे. पण तीन तास झाले तरी तो जरासुद्धा तापला नाही.

दुकानाच्या शेठना चंदेरी खपवायचा होता. सहा महिने तो काचेत पडून होता. "काकांना मोठाच द्या, हौशी आहेत," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. शेवटच्या मंगळवारी मामांनी विचारलं, "ताई, तू काय घेतला असता?" शेठ दोन हातांच्या अंतरावर पावती लिहीत बसले होते. दुसरी नोकरी सहज मिळेल असे ते दिवस नव्हते. तरी मी खरं ते सांगितलं. "काळा घ्या, मामा. चित्र जरा अडखळेल, पण सात-आठ वर्षं बघायला नको. मोठा पळतो छान, पण आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला झेपायचा नाही."

शेठांचं पेन थांबलं. मामांनी दोन्ही लॅपटॉपांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मोठाच दे."

मला वाईट वाटलं असणार आणि ते तोंडावर दिसलं असणार, कारण ते पुढे बोलले. "तू बरोबर सांगितलं. मीबी दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. तीस वर्षं मी भरवशाची गाडी चालवली. पळत नव्हती, पण कुठं उभी राहिली नाय. मागं कांदा असायचा, पुढं व्यापारी वाट बघत असायचा, घरी आमची बाई वाट बघत असायची. आता मागं माल नाय अन् वाट बघणारं कोणी नाय. वाटेत बंद पडला तर पडला. कुणाचं काय अडतंय?" मग खोकं बांधून झाल्यावर, दारातून वळून, "बंद पडला तर कोण येतं?"

"मीच येते," मी म्हटलं.

"मग झालं," मामा म्हणाले.

तीन आठवड्यांत तो बंद पडला. दुकानातून वेळ निघेना, म्हणून मी रविवारी गेले. घरातले सगळे कुठल्याशा लग्नाला गेले होते. मागच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या आणि टेबलावर तो चंदेरी लॅपटॉप, खाली हवा खेळावी म्हणून दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवलेला. पंख्यात धूळ अडकली होती. ती काढली, तो चालू झाला. मामांनी कुबडीवर तोल सांभाळत स्टोव्हवर चहा केला आणि मला उठू दिलं नाही. "बस, आता गाडी बघून जा," म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना नीट चालवताना पाहिलं. सायबर कॅफेतली मुलं तोच गेम सिग्नल तोडत, ट्रक उलटवत खेळायची. मामा रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबत. लेन बदलताना इंडिकेटर देत. तास-दीड तास चालवलं की ट्रक रस्त्याकडेला घेत आणि उठून पाय मोकळा करायला अंगणात जात. रस्ते परदेशातले, वाहनं उजव्या बाजूनं धावायची. "उलटा देश हाय," एवढंच ते म्हणाले आणि पंधरा दिवसांत त्या उलट्या देशाला सरावलेही. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. समोरून ट्रक आला की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा, ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा. "एवढ्या गाड्या जातात," ते म्हणाले, "एक जण हात करत नाय."

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं त्यांचा फोन यायचाच. उन्हाळ्यात तर पंधरा दिवसांनी. मी रविवारीच जायची. हळूहळू असं झालं, की रविवारी सकाळी फोन वाजला नाही तर मीच तो उचलून बघायची, बॅटरी संपली नाही ना. मामा आता मला ताई म्हणत, कधी पोरी म्हणत. मी काय खाते, खोलीत डास आहेत का, घरून कुणी भेटायला येतं का, हे सगळं ते गाडी चालवता चालवता विचारायचे, मान न वळवता. तसं विचारलं की खरं सांगणं सोपं जातं. आई फोनवर फक्त स्थळांबद्दल बोलते, हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

एकदा फोन आला, "ताई, पुन्हा बंद पडतोय." मी गेले, लॅपटॉप उलटा केला आणि बघितलं तर पंखा स्वच्छ. मी पंधरा दिवसांपूर्वीच तो साफ केला होता. तासभर चालवून पाहिला, कुरकुरसुद्धा नाही. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. मी तरीही चारही स्क्रू काढले, झाकण उघडलं, ब्रश फिरवला आणि स्क्रू परत बसवले.

"धूळ असंल," मामा म्हणाले.

"हो. होती बरीच."

मग त्यांनी चहा टाकला आणि ओरिसाच्या जंगलात एकट्यानं अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून परत चढवला होता, ती हकीकत सांगितली. मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं.

दोन वर्षं अशी गेली. मग मला पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागली. हे सांगायला गेले तेव्हा मामा एका लांबच्या फेरीवर होते. त्यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं.

"पगार वाढला का?"

"हो."

"मग जायचं." पडद्याकडे बघत म्हणाले, "चंदनापुरी घाटात ड्रायव्हर ओव्हरटेक करायला लागला तर त्याला सांगायचं. लाजायचं नाय."

"दिवाळीला देवळ्याला जाईन तेव्हा वाटेत उतरते, मामा. काही झालं असेल तर तेव्हा बघते."

"ये की."

दिवाळीला मी उतरले नाही. बहिणीनं पुण्यातून जीप ठरवली होती, सोबत तिची दोन मुलं, फराळाचे डबे, आणि द्वारका चौकात इतकी वाहनं अडकली होती, की नाशिक कधी एकदा मागे पडतं असं सगळ्यांना झालं होतं. द्वारकेहून पाथर्डी फाट्याकडे जाणारा रस्ता मागे पडला तेव्हा मला आठवण होती. जीप थांबवा म्हणायला तोंड उघडलं नाही, एवढंच. आठवड्यानं फोन केला. मामांनी दिवाळीचा विषयच काढला नाही. "लॅपटॉप कसाय?" विचारलं तर म्हणाले, "चालू हाय. मस्त हाय." संक्रांतीला पुन्हा केला, तेव्हाही तेच. नवीन नोकरी, नवीन माणसं. मग राहून गेलं.

पुढच्या मे महिन्यातल्या एका रविवारी लग्नाला नाशिकला गेले आणि दुपारी कार्यालयातून निघून पाथर्डी फाट्याला रिक्षा केली. दार सुनेनं उघडलं. मामांच्या खोलीला अंगणातून वेगळं दार असल्यानं आम्ही दोघी कधी नीट भेटलोच नव्हतो. मी मामांचं नाव घेतलं तेव्हा तिनं मला आत बसवलं आणि पाणी आणलं. ते फेब्रुवारीत गेले होते. चार दिवस दवाखान्यात होते.

"तुम्ही त्या दुरुस्तीवाल्या ताई का?" तिनं विचारलं. "तुमचा नंबर आम्हाला माहीत नव्हता, त्यांच्या मोबाइलमध्ये नावं नव्हतीच, नुसते आकडे."

तिनं कपाटातून लॅपटॉप काढला. स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता.

"तुम्ही पुण्याला गेलात ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात बंद पडला," ती म्हणाली. "हे म्हणाले, दुकानात नेतो, तर बाबा नेऊ देईनात. म्हणायचे, ताई येणार आहे, ती बघेल, तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःही उघडला नाही. तसे आमचा मिक्सर, कुकर सगळं तेच दुरुस्त करायचे."

"मग दिवसभर काय करायचे?"

"खुर्ची दाराशी घेऊन बसायचे. रस्ता दिसतो तिथून."

मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. जमिनीवर बसून चारही स्क्रू काढले. आत धुळीचा एक करडा थर होता, जाड कापडासारखा. फार तर वीस मिनिटांचं काम. मी ते सावकाश केलं, झाकण लावलं. बटण दाबल्यावर पंखा फिरला आणि पडदा उजळला. त्यावर ट्रकच्या गेमचं चिन्ह होतं. मी ते उघडलं नाही.

"किती झाले?" सुनेनं विचारलं. तिच्या हातात पाकीट होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "वॉरंटीत आहे."

वॉरंटी संपून दोन वर्षं होत आली होती. तिनं पाकीट ठेवून दिलं आणि चहा करते म्हणाली. मी नको म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्या खोलीत एकटीच बसून राहिले, पंख्याचा आवाज ऐकत.