रुक्मेची तहान

शिक्षिकेच्या नोकरीसाठी पुण्यास निघाले तेव्हा कुंभकोणमच्या फलाटावर अम्माने केळीच्या पानात बांधलेला चिंचभात माझ्या हाती दिला. पान अजून ऊन होते. "पुण्यास सगळे आपलेच," ती म्हणाली, "आता उंबऱ्याबाहेरही आपले बोल." पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले आम्ही मराठी; जन्मभर तिनेच उलटे बजावले होते: घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. निरोपाला सारे आले होते. रुक्मा तेवढी आली नव्हती.

रुक्मा माझी धाकटी चुलतबहीण. आई गेल्यावर पट्टीश्वरमहून आमच्याकडे आली, माझ्याच शाळेत बसू लागली. तमिळ तिला येई. पण तहान लागली की ओठांवर घरचीच भाषा येई. पहिल्याच दुपारी मैदानात, सगळ्यांदेखत, तिने हाक मारली, "अक्का, मज पाणी दे."

मुली हसल्या. "तुझी कोण गं ही?" एकीने तमिळमध्ये विचारले.

"कोणी नाही," मी म्हणाले. "काय बोलते, मला कळत नाही."

तेवढ्यावर मी थांबले नाही. तिची भाषा माझीच, म्हणून नक्कलही मलाच सर्वांत उत्तम साधे. 'मज पाणी, मज पाणी' असा सूर मी लावायचा, टाळ्या बाकीच्यांनी द्यायच्या. रुक्मा शाळेत पाणी मागेनाशी झाली. मग पिईनाशी झाली. एका रखरखीत दुपारी ती रांगेतच कोसळली. पुन्हा शाळेत आली नाही. घरी तिने माझे नाव सांगितले नाही. माझ्या वेणीत अबोली माळताना तिची बोटे मात्र थंडगार असत.

पुण्यात मी पाचवीला शिकवते. पहिल्या वर्षी मुले माझ्या जुनाट मराठीला 'मज खडू द्या, टीचर' म्हणून खिदळली, तेव्हा मूल्यशिक्षणाच्या तासाला मी ही गोष्ट सांगितली. तहानलेली मुलगी मात्र मी झाले. खिदळणाऱ्यांपैकीच कोणी डोळे पुसले. तेव्हापासून दर जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणतात, "तुमची ती पाण्याची गोष्ट सांगा ना." मी सांगते. नेमक्या जागी माझा आवाज कापतो.

यंदा मे महिन्यात मी क्षमा मागायला कुंभकोणमला गेले. रुक्मा नवऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात बसते. समोर एक गिऱ्हाईक होते. "रुक्मे," मी म्हणाले, "मज पाणी दे."

तिने पेला विसळला, काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी पुढे केला.

"नात्यातल्या का तुमच्या?" गिऱ्हाइकाने विचारले.

"कोणी नाहीत," ती तमिळमध्ये, अगदी मृदू स्वरात म्हणाली. "काय बोलतात, मला कळत नाही."

जूनमध्ये मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, तशीच. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "टीचर, नक्कल करणाऱ्या त्या दुष्ट मुलीचं नाव काय होतं?"

"रुक्मा," मी म्हणाले.

कुंभकोणमला मागे राहिलेल्या आपल्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, ते नाव मागे घेण्यासाठी हे लिहिते आहे. मी कोण, हे जिथे एकीला तरी पुरते ठाऊक आहे, ते माझे घर. तिथे मला पाणी मिळेल. माझी भाषा मिळणार नाही.