मोहाकडून घराकडे

मोहफुलांचा गोडसर वास आला की चिचगडची ती शाळा आठवते. लक्षात ठेवणं जड जाणाऱ्या मुलांकडून मी तिथे सराव करून घ्यायचे. तीन चित्रं दाखवून झाकायची, मग मुलांनी ती उलट क्रमाने सांगायची. एका मुलीला ते कधीच जमलं नव्हतं. त्या सकाळी ती मोह वेचून आली होती, सारा वर्ग दरवळत होता. विहीर, बैल, झाड दाखवून मी चित्रं झाकली. ती उठली आणि डोळे मिटून हळूहळू चालू लागली. "काऊन उठली?" मी विचारलं. "मोहाकडून घरी जाऊन राहिली, मॅडम. हे झाड... मंग बैल... आता आली विहीर." हल्ली मलाच शब्द सापडत नाहीत. मग मी डोळे मिटते आणि तिच्या मागोमाग घरी निघते.