सासूबाईंच्या पाठीवर पहिला सराव

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मी चाळिशीनंतर अरोमाथेरपीचा, म्हणजे सुगंधी तेलाच्या मसाजचा, तीन महिन्यांचा कोर्स केला. शेवटी आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता दहा जणींना मसाज करा आणि प्रत्येकीचा अभिप्राय लिहून आणा."

आमच्या कसबा बावड्यातल्या शेजारणींना विचारायचा धीर होईना. सासूबाई म्हणाल्या, "मी हाय की." त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर गडमुडशिंगीचं. जन्मभर शेतात वाकून तण काढायची भांगलण आणि म्हशींच्या धारा, त्यामुळे पाठ कायम धरलेली.

कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे मी त्यांना आधी सगळं समजावलं. तासभर आधी जड खायचं नाही. कुठं दुखलं तर लगेच सांगायचं. बाकी गप्प पडून राहायचं.

"पिठलं-भाकरी आत्ताच खाल्ली," त्या म्हणाल्या.

तासभर थांबलो. मग मी तीन बाटल्या पुढे केल्या, आवडेल तो वास निवडा म्हटलं. लॅव्हेंडरचा वास घेऊन त्या म्हणाल्या, "ह्यो साबण." निलगिरीला म्हणाल्या, "ह्यो बाम." तिसरी गवती चहाची. ती त्यांनी दोनदा हुंगली. "हे परसात उगवलंय की. इकत कशाला आणलंस?" पण निवडली तीच. साध्या तेलात मी मोजून चार थेंब टाकले, तर म्हणाल्या, "हात आखडू नगंस." जास्त टाकलं तर कातडीची आग होते, हे मला सांगावं लागलं.

खरी अडचण चोळी काढायची. वीस वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींना केस विंचरतानाच काय ते पाहिलेलं. मी म्हटलं, "मी बाहेर थांबते. तुम्ही चादर ओढून पालथं पडा." दोन मिनिटांनी मी माझ्याच खोलीचं दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण हाय?"

"मी."

"मग वाजवतीस कशाला?"

मी मोबाईलवर वाहत्या झऱ्याचा आवाज लावला. आत्यांनी मान वर केली. "नळ चालू ऱ्हायलाय बघ. टाकी मोकळी हुईल." तो झरा आहे हे पटवण्यापेक्षा बंद करणं सोपं होतं.

मग त्यांच्या सूचना सुरू झाल्या. "जोर लाव की. म्हस धुताना मी ह्याच्यापेक्षा जोरात घासती." या मसाजात जोर नसतो, वास आणि हलका हात असतो, असं मी सांगत होते. तेवढ्यात डाव्या खांद्याच्या पात्याखाली बोटाला सुपारीएवढी गाठ लागली. तिथं मी अंगठा धरून थांबले. आत्या म्हणाल्या, "बाळंतपणात आईनं चोळलं हुतं. त्यानंतर तिथं कुणाचा हात लागला न्हाय."

मी तेल घेऊन चोळत राहिले. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. मसाज तासाभराचा होता, झोप दोन तासांची झाली.

उठल्यावर पाणी पिऊन त्यांनी अभिप्राय सांगितला, मी लिहून घेतला. "झोप चांगली लागली. जोर कमी. सून सोशीक हाय."

बाईंनी तो वाचला, हसल्या आणि परत दिला. घरच्यांचा अभिप्राय धरत नाहीत म्हणे. माझे दहाच्या दहा बाकीच राहिले.

घरी येऊन हे सांगितलं तर आत्यांना ते फार लागलं. पदर सारखा करत म्हणाल्या, "म्हंजे मी लबाड बोलले व्हय? बोलीव तुझ्या बाईला. तिच्यापुढं निजती."

बाई काही आल्या नाहीत. पण आत्यांनी दूध डेअरीत जाऊन असं काही सांगितलं, की पुढच्या रविवारी सकाळी दारात चार बायका उभ्या होत्या आणि चौघी पोटभर नाष्टा करून आल्या होत्या.