निळ्या टोपीवाल्यांचे आबा

किस्से काही ठरवून जमत नाहीत. फडताळात रिकाम्या बरण्या साठतात तसे साठत जातात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर! माझ्याकडच्या निम्म्या बरण्या शेजारच्या आबांच्या.

साताऱ्यात आमची आणि त्यांची भिंत एकच. आबा फौजेतून रिटायर झालेले, मूळचे वडूजचे. काकी आटपाडीकडच्या. एकुलता एक मुलगा संदीप अमेरिकेत. त्याचे तिथले कागद अडकलेले. एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याचा भरवसा नाही, म्हणून सात वर्षं घरी आलेला नव्हता. तो तिथं बेसबॉलच्या मॅच बघायला जायचा. म्हणून आबांनीही इकडं टीव्हीवर तोच खेळ लावला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. आबांचं म्हणणं एवढंच, "त्या गर्दीत कुठंतरी माझं पोरगं बसलंय."

टीमचं नाव मला अजून धड घेता येत नाही. आम्ही त्यांना निळ्या टोपीवाले म्हणायचो.

आता आबा-काकी वडूजला राहायला गेलेत. सकाळी भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही, आणि मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

* * *

पहिल्या विजयाला आबा कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात आले. चेहरा असा फुललेला की मी विचारलंच नाही. मी पेढा तोंडात टाकला आणि मागच्या दाराने दोन घरी सांगून आले, संदीपचं लग्न ठरलं!

दुपारपर्यंत आटपाडीहून काकींना फोन. पोरगी कुठल्या गावची? आपल्यातलीच हाय न्हवं?

संध्याकाळी आबांनी मला गाठलं. "सुनंदा, लग्नाचं काय घिऊन बसलीस! शेवटच्या चेंडूवर होम रन, म्हंजे त्येंचा षटकार, मारलाय गड्यानं!"

काकी आतून म्हणाल्या, "पेढे परत मागून आणू काय आता?"

* * *

किराणा दुकानवाले चौगुले अण्णा आमच्या गल्लीतले. माझं माहेरही सांगलीचं, त्यांचं गावही तिकडचंच, त्यामुळे मी त्यांना भाऊ मानते. त्यांना एकदा आबांनी खेळ समजावला.

"बघ अण्णा. ही पैली चौकी, ही दुसरी, ही तिसरी. आन् हे घर. घरी पोचला तरच मार्क. मदी कितीबी पळू दे, हातात शून्य!"

काकी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे आपल्या संदीपवानीच की. पळतोय लय, घरी काय पोचत न्हाई."

आबांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

* * *

एकदा मी विरजण मागायला वाटी घेऊन गेले. टीम हरत आलेली. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्याच क्षणी निळ्या टोपीवाल्यांनी चेंडू पार प्रेक्षकांत घातला.

"हालू नगंस!" आबा ओरडले. "जागेवर!"

मी वाटी धरून उभी. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. घरी नळाला पाणी आलेलं. शेवटी आमचे हे मला शोधत आले. ते दारात आले आणि अजून एक धाव निघाली. झालं! त्यांनाही माझ्या शेजारी उभं केलं.

टीम जिंकली. आबांनी आम्हा दोघांना कडक सॅल्यूट ठोकला. पाणी गेलं ते गेलंच.

पुढं मॅच अडली की भिंतीवर धपाधप थापा. "सुनंदा, वाटी घिऊन ये!"

* * *

अण्णांना चिडवल्याशिवाय चैन पडत नाही. एका विजयानंतर आबा मिशीला पीळ देत दुकानात आले, तर अण्णा म्हणाले, "आबा, तुमी येवढं नाचताय, पण त्या टीमला ठावं तरी हाय का तुमी हाय म्हणून?"

"म्या बॉर्डरवर हुबा हुतो, तवा तुला ठावं हुतं का रं?"

त्या दिवशी अण्णांनी बिस्किटाचा पुडा आपणहून दिला.

* * *

जिंकलं की आबा फौजेतली शिट्टी वाजवायचे. गल्ली त्यावर उठायची. एकदा टीम जिंकल्याचं मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं, पण शिट्टी नाही. राहवेना, गेले.

आबा मोबाइल घेऊन बसलेले. टीव्हीवर गर्दी दाखवताना त्यांना एक पाठमोरं डोकं दिसलं होतं, निळी टोपी, संदीपसारखेच कान. त्यांनी फोटो काढून त्याला पाठवलेला, "हा तूच ना?" मी मागून वाकून वाचलं. वाईट सवय! खाली उत्तर आलं होतं, "नाही आबा, मी आज ऑफिसमध्ये आहे."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या आणि तो फोटो त्यांनी आधीच बघितलेला. "सुनंदा, बघ की, कसा ऐटीत बसलाय माझा संदीप!"

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय काकी," मी म्हटलं. "कान तर त्येचंच."

आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी गल्लीत कुणाला सांगितली नाही.

* * *

आणि मग ती फायनल. एव्हाना सगळी गल्ली निळ्या टोपीवाली झालेली. फायनल सात मॅचची, आदल्या दिवशी दोन्ही टीम तीन-तीन जिंकून बरोबरीत, म्हणजे आज काय ते ठरणार. सकाळी मी पोह्यांचं पातेलं घेऊन निघाले, अण्णा दुकान बंद ठेवून आले.

आबा दारातच उभे. तोंडावर बोट.

"चपला भाईर. आन् हळू."

आत टीव्ही बंद. नुसता बंद नाही, प्लगसुद्धा काढलेला. टीव्हीखालच्या दिवाणावर संदीप झोपलेला. कागद सुटले होते, पहाटेच पुण्याहून गाडी करून आलेला, कुणाला न कळवता. तोंड उघडं, पाय दिवाणाच्या बाहेर, अंगावर काकींची गोधडी. काकी पायथ्याशी बसून नुसत्या बघत होत्या.

अण्णांना दम निघेना. कुजबुजले, "आवं आबा, फायनल हाय! आपली टीम जिंकली का हारली ते तरी बघूया की!"

"जिंकली," आबा म्हणाले.

"टीव्ही तर बंद हाय!"

आबांनी संदीपच्या पायांवर गोधडी ओढली.

"म्या सांगतोय न्हवं, जिंकली म्हणून."