तुळसाबाईची गादी

दारव्ह्याला आमच्या भिंतीला भिंत लागून तुळसाबाईचं घर होतं. लोकांच्या वावरात निंदायला अन् कापूस वेचायला जायची. नवरा वारलेला, बोलणं कमी. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला, तेव्हा घरातले देव पाटीत घालून नदीवर आधी तीच गेली, अन् येताना त्याच पाटीत सरपण भरून आणलं. रिकाम्या हातानं यायचं तिला जमतच नसे.

तिची पंचफुला नववीत होती. एकसष्ट साली शाळेत निघालं, की इकडच्या दहा मुलींनी कोकणात जायचं, तिथल्या घरांमध्ये पंधरा दिवस राहायचं; मग तिकडच्या मुलींनी आपल्याकडं यायचं. दहात पंचफुलाचं नाव आलं. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली, म्हणजे मोहल्ल्यातली पंडितच, म्हणून शाळेची चिठ्ठी माझ्याकडं आली. दोन जोड कपडे, ताट, पेला, अंथरूण-पांघरूण. अंथरुणाचं तिनं मला दोनदा वाचायला लावलं.

तिच्या मनातलं मला ठाऊक होतं. लहानपणी मालकाच्या घरच्या लग्नात तिला गोठ्यात पोत्यावर निजवलं होतं. कोकणातही पोरीला कोणी वेगळं, भुईवर टाकलं तर? त्यांचं काही मागायलाच नको, म्हणून तिनं गादी करायची ठरवली. जन्मभर कापूस वेचणारे आम्ही, पण गादी मोहल्ल्यात कोणाकडं नव्हती. सगळे वाकळीवर निजायचो.

त्या साली तिनं मजुरीत कापूसच मागून घेतला. सरकी आम्ही दोघींनी हातानं काढली. रहेमान पिंजारी पिंजण घेऊन आला. तीन शेरात पोरीची गादी होते म्हणाला. तुळसाबाई म्हणे, घाला अजून. तो घालत गेला. नऊ शेर झाल्यावर त्यानं हात टेकले.

"बाई, पोरगी फिरायले चालली का सासरी?"

ती हसली नाही. खोळीचं तोंड स्वतः शिवून टाकलं. मग मोहल्ल्यातल्या बाया एकेक करून गादीवर बसून गेल्या. मीही बसले. खोटं कायले बोलू, उठू नये वाटलं.

जायच्या चार दिवस आधी प्रेमसिंग गुरुजींनी मुलींना सामानासकट मैदानात बोलावलं. म्हणाले, आधी छोट्या रुळांची आगगाडी, मग मोठी, मग मोटार, पुढं होडी, अन् हमाल कुठं करायचा नाही. म्हणून सामान घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या. जिनं खाली ठेवलं ती राहिली, तिच्या जागी अकरावी मुलगी जाईल. अकरावी मुलगी नवं पातळ नेसूनच आली होती.

पंचफुलाच्या एका हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर गादीची वळकटी. पहिली फेरी झाली. दुसरीत मान डुलायला लागली. तिसरीला ती लिंबाखाली थांबली. खाली ठेवलं नाही, नुसती उभी राहिली.

गुरुजी जवळ आले. "ठेवतं का बाई खाली?"

तुळसाबाई वावरातून तशीच आली होती, वेचणीची ओटी कमरेला बांधलेली. ती कुंपणापासून सरळ मैदानात गेली अन् पोरीच्या डोक्यावरच्या गादीची शिवण दातानं तोडली. पऱ्हाटीवरून वेचावा तसा दोन्ही हातांनी कापूस काढून ओटीत भरायला लागली. गादी काही खाली ठेवली नव्हती, त्यामुळे गुरुजींना अडवता येईना.

अर्ध्यात तिचे हात थांबले. "भुईवर निजवलं तं?"

गादीखालून पंचफुला म्हणाली, "तं मी म्हणन, मी नाही निजत. तू काढ, माय."

तिनं काढला. वाकळीपेक्षा थोडी बरी एवढीच गादी राहिली. उसवलेल्या तोंडातून कापूस सांडत पंचफुलानं तिसरी फेरी पुरी केली. गुरुजींनी नाव कायम केलं. अकरावी मुलगी रडत घरी गेली. तिचंही वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी पंचफुला आली. पेटी उतरवायच्या आधी मायनं विचारलं, कुठं निजवत होते.

"त्याहीच्या आजीच्या बाजूले, खाटेवर. म्हातारी लय घोरते."

तुळसाबाई बरं म्हणाली अन् तिला आंघोळीला पाणी तापवायला उठली.