तीस फुटांचा पाइप

पोर्ट वेसली शहराचा धूर कसा कमी करायचा हे खरोखर ठाऊक असलेला एकच माणूस त्या शहरात होता. त्यांचं नाव व्हॅलेरियन तुस्कानो. त्यांना कोणी विचारलं नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात मी होतो. हे लिहिताना माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि तिच्यातला मोठा वाटा माझा मलाच घ्यावा लागतो.

कॅनडात, टोरांटोजवळच्या व्हिटबीच्या पूर्वेला तेवीस किलोमीटरवर, तळ्याकाठी हे गाव. गावच म्हणायचं, पण महापौर आणि कौन्सिल असल्यामुळे शहर. पूर्वेकडच्या जुन्या वस्तीत नगरपालिकेची एक बसकी इमारत आहे. एकाच छपराखाली डावीकडे हॉकीची बर्फाची रिंक, उजवीकडे पोहण्याचा तलाव, आणि मधे एक काँक्रीटची भिंत. भिंतीच्या दोन्ही बाजूंची यंत्रं १९९४ पासून व्हॅलेरियनकाकांच्या ताब्यात होती. त्याआधी काही वर्षं टोरांटोच्या स्कारबरो भागात, आणि त्याही आधी मुंबईत माशांच्या बर्फाच्या कारखान्यात. माणसाची सगळी हयात गारठ्यात गेली, पण स्वभाव तापट.

माझी ओळख झाली तीही त्यांनी झापल्यामुळेच. २००६ चा जानेवारी. माझी सहा वर्षांची जाई तलावात हातपाय झाडत होती आणि मी काठावरून ओरडत होतो, "पाय मार, जाई, पाय मार!" वरून, शिडीवरून आवाज आला, "अहो, ती श्वास कोंडून बसलीय. आधी तो सोडायला शिकवा. पाय काय मारताय?" वर पाहिलं तर निळ्या कपड्यांतला, पांढऱ्या मिशांचा माणूस पाइपला पट्टी गुंडाळत होता. जाईने श्वास सोडला आणि तरंगली. मी पुण्याचा इंजिनियर, टोरांटोत सॉफ्टवेअर करणारा. मला हे सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी मला छपरावर नेलं. बाहेर उणे अठरा. नाकातले केस गोठत होते. छपरावर एक भलीमोठी जाळीची पेटी घोंघावत होती. "हात धर," ते म्हणाले. मी हातमोजे काढून तळवे धरले. दोन मिनिटांत माझ्या मानेला घाम आला.

"बर्फ करायचा म्हणजे काय? पाण्यातली गरमी काढून बाहेर फेकायची. फ्रिजच्या मागे हात लावतो ना, तसंच. ही बघ, चौदा तास रोज आभाळात. आता खाली चल."

खाली, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, गॅसचे दोन बॉयलर धडधडत होते. तलावाचं पाणी कोमट राहावं म्हणून.

"भिंतीच्या इकडे गरमी फेकून देतात, भिंतीच्या तिकडे गॅस जाळून तीच बनवतात," काका म्हणाले. "मधे किती? थर्टी फीट. आमच्या गावी, नंदाखालला, न्हाणीचं पाणी केळीला जातं. शाळेत न गेलेल्या माझ्या आईलाही कळायचं की पाणी वाया घालवायचं नाही, आळ्यात सोडायचं. इथे सगळे डिग्रीवाले. ही गरमी कोणाच्या केळीला जातेय?"

त्यांना एक पाइप हवा होता. भिंतीला एक भोक, तीस फूट पाइप, आणि एक यंत्र जे रिंकची उष्णता तलावाच्या पाण्याला देईल. थंडीत बॉयलर जवळजवळ बंद राहिले असते. हे नुसतं स्वप्न नव्हतं. रिंकवरचा तासलेला बर्फ मागच्या खड्ड्यात टाकत आणि तो वितळवायला तिथेही गॅसवर तापवलेलं पाणी सोडत. बर्फ वितळवायला गॅस! २००४ साली काकांनी भंगारातली तांब्याची नळी वाकवून खड्ड्यात बसवली, तिच्यातून रिंकचीच उष्णता फिरवली, आणि गॅसचं पाणी कायमचं बंद केलं. बक्षीस काय मिळालं? परवानगीशिवाय यंत्रणेत बदल केल्याबद्दल मॅनेजरचं ताकीदपत्र. नळी मात्र काढली नाही. ती चालत होती ना!

काकांच्या हट्टाला घरचंही एक कारण होतं. रिटाआंटी, त्यांची बायको. संधिवाताने तिचे गुडघे इतके आखडलेले की घरात काठीशिवाय पाऊल टाकता यायचं नाही. त्या कोमट पाण्यात मात्र ती छातीपर्यंत उतरायची आणि काठीशिवाय चालायची. आठवड्यातून चार दिवस. वस्तीतल्या आणखी पंधरा-वीस म्हाताऱ्या बरोबर. तलाव जुना, गॅस खाणारा, त्यामुळे तो कधीतरी बंद करतील ही धास्ती काकांना रोज होती. "पाइप पडला की तलाव वाचला," ते म्हणत.

२००७ मध्ये कौन्सिलला हवामानाचा साक्षात्कार झाला. शहराच्या मालकीच्या इमारती आणि गाड्यांमधून निघणारे वायू तीन वर्षांत पंधरा टक्क्यांनी कमी करू, असा ठराव झाला. नागरिकांची समिती नेमली. मी अर्ज केला आणि निवडला गेलो. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. टोरांटोहून सल्लागार आले, पोटभर सँडविच खाल्ले, आणि योजना आली. महापौरांना हायब्रिड गाडी. नाताळच्या रोषणाईला नवे दिवे. 'इंजिन चालू ठेवू नका' अशा चाळीस पाट्या. आणि एक सायकलमार्ग, जो फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जाऊन संपायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोन वर्षांत जेमतेम एक टक्का कमी झाला.

काकांना कौन्सिलसमोर बोलायची सोय नव्हती. नोकराने मॅनेजरला सांगायचं, मॅनेजरने त्याच्या वरच्याला, आणि तिथे कागद मरायचा. नागरिकाला मात्र पाच मिनिटं मिळतात. म्हणून २००९ च्या फेब्रुवारीत ती पाच मिनिटं मी मागितली. आदल्या रविवारी काकांच्या बेसमेंटमध्ये बसलो. त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने भिंत, भोक आणि पाइप काढून दिला होता.

"हे दाखव. एवढंच," ते म्हणाले. "त्यांना सांग, छपरावर या, हात धरा. आपण किती जाळतो ते सांगू नको. आपण किती फेकतो ते सांग."

"काका, असं चालत नाही. आधी प्रॉब्लेम स्टेटमेंट लागतं, डेटा लागतो."

"शैलेंद्र, डेटा छपरावर आहे."

मी हसलो. आत्ता ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पुठ्ठा मी घरी आणला आणि अकरा स्लाइड केल्या. कॉलेजपासून आम्हाला हेच घोटवलेलं: आधी समस्या मोठी करून दाखवा, मग तुमचं उत्तर चमकतं. पहिल्या स्लाइडवर शहराच्या धुराचं गोल चित्र, आणि त्यात लालभडक फोड: ईस्ट एंडचा तलाव, चौदा टक्के. मग वर्षावर्षाचे आलेख. पाइप नवव्या स्लाइडवर.

सहाव्या स्लाइडवर घंटा वाजली. पाच मिनिटं संपली होती. मी घाईघाईने म्हणालो, "आय हॅव अ सोल्यूशन, इट्स जस्ट अ पाइप." अध्यक्षीणबाई गोड हसल्या. "थँक यू, व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह." तेवढ्यात कोपऱ्यातले एक कौन्सिलर पुढे वाकले. माझ्या लाल फोडीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "सो विदाउट द पूल, वुई आर बेसिकली देअर?"

मला त्या प्रश्नातला सुरा दिसला नाही. मला फक्त बेरीज दिसली. तलाव वजा केला की चौदा, रोषणाई वगैरे मिळून एक; झाले ठरावातले पंधरा. वर्गात पहिला हात वर करणारा मुलगा माझ्यात अजून जिवंत आहे. मी म्हणालो, "मॅथेमॅटिकली, येस."

प्रेक्षकांत मागच्या रांगेत काका बसले होते. ते उठले आणि टोपी घालून निघून गेले.

जूनमध्ये कौन्सिलने पाच विरुद्ध दोन मतांनी तलाव बंद केला. ठरावात माझ्या स्लाइडचा उल्लेख आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्यांच्या नशिबी आलं. आणि हिशोबाची हातचलाखी बघा. त्यांच्या धुरात फक्त शहराच्या मालकीच्या गोष्टी मोजतात. वस्तीतली माणसं आता तेवीस किलोमीटर गाडी हाकत व्हिटबीच्या तलावावर जाणार, तिथे दुसरा बॉयलर जळणार, पण तो धूर पोर्ट वेसलीचा नाही! पाइप घातला असता तर नऊ टक्के खरोखर वाचले असते. उरलेले शोधावे लागले असते, डोकं चालवावं लागलं असतं. त्यापेक्षा कुलूप सोपं. छपरावरची पेटी मात्र तशीच घोंघावत राहिली, कारण हॉकी बंद करायची कोणाची छाती नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तलाव रिकामा केला. व्हॉल्व्ह फिरवायचं काम कोणाचं? काकांचंच.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. रिटाआंटीने दार उघडलं आणि चहा टाकायला काठी टेकत आत गेली. काका उभेच राहिले.

"काका, माझी चूक झाली. माझा हेतू..."

"हेतू गेला खड्ड्यात!" ते ओरडले. "मी तुला पाइप दिला होता, पाइप! तू त्यांना आगीचा आकडा दाखवलास. ज्याला कुलूप लावायचं असतं त्याला तू बोट करून दार दाखवलंस. आणि वर येस! कोणी सांगितलं होतं येस म्हणायला?"

"त्यांनी विचारलं म्हणून..."

"मी पण विचारत होतो ना सतरा वर्षं? कोणी येस म्हटलं?"

वर्षं पंधरा होती, पण ते दुरुस्त करण्याइतका मी त्या दिवशी तरी मूर्ख नव्हतो.

"व्हॅली, पुरे आता," आंटी आतून म्हणाली.

"पुरे नाही," काका म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "शनिवारी मला ड्यूटी असते. तू हिला व्हिटबीला घेऊन जायचं. दर शनिवारी. आठ वाजता. आणि बोलायचं नाही काही."

तेव्हापासून मी नेतो. चार दिवसांचा एक दिवस झाला. व्हिटबीचं पाणी गार असतं, ते शर्यती पोहणाऱ्यांसाठी. पहिल्या हिवाळ्यातच आंटी काठीवरून वॉकरवर आली. रिंकवरून जाताना ती छपराकडे बघते, वाफ दिसते, आणि ती मान वळवून घेते. मला त्या वेळी स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी, २०१० च्या नोव्हेंबरात, समितीच्या मेलमधून कळलं की शहराने उद्दिष्ट गाठलं. पंधरा टक्के. ईस्ट एंडच्या लॉबीत पितळी पाटी लागणार, समितीने हजर राहावं. मी जाणार नव्हतो. मग वाटलं, जावं आणि चार शब्द सुनवावेत. गेलो. केक होता, महापौर होते, मॅनेजर होता. आणि भिंतीसमोर शिडीवर, हातात ड्रिल घेऊन, काका होते. निवृत्तीला तीन आठवडे राहिलेले.

भिंत तीच. रिंक आणि तलावाच्या मधल्या काँक्रीटचं पुढचं टोक लॉबीत येतं. काकांनी पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि ड्रिल चालवलं. एक, दोन, तीन, चार. काँक्रीटची पांढरी भुकटी त्यांच्या मिशांवर बसली. ज्या भिंतीला एक भोक पाडायची परवानगी यांनी जन्मभर दिली नाही, तिला पाटीसाठी चार भोकं एका सकाळीत मंजूर झाली होती. मॅनेजरने खालून विचारलं, "इज इट लेव्हल, व्हॅल?" महापौरांनी टाळ्या वाजवल्या. चार शब्द सुनवायला आलेला मी पाटीवरचं 'पंधरा टक्के' वाचत उभा राहिलो.

सगळे केककडे वळले तेव्हा काका शिडीवरून उतरले. वर्षभरात माझ्याशी ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळवा पाटीखाली भिंतीवर दाबला. पलीकडे रिंकचा बर्फ करणाऱ्या कंप्रेसरची खोली होती.

भिंत गरम होती.