मोरीवरचा नारळ

आमच्या गावातून बाहेर पडणारा रस्ता खाडीच्या बांधावरून जातो आणि मध्ये एक उंचवट्याची मोरी लागते. त्या मोरीवर मी जितका घाबरलो तितका दहावीच्या निकालालाही घाबरलो नव्हतो, आणि गणितात काय होणार हे मला आधीच माहीत होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी लिलावातली एक जुनी लष्करी जीप घेतली. बायको म्हणाली, "फौजेनं जिला पेन्शनीत काढलं, तिला तुम्ही नोकरीला ठेवताय." तिचं खोटं नव्हतं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी रस्त्यावर यायचं, इंजिनाच्या पंख्यात शिरायचं आणि जीप दोनदा खोकून तिथेच बसायची. म्हणून वालीवच्या एका फिटरकडून मी तिच्या पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, जास्तीची पाती घालून घेतली आणि मोठे टायर बसवले. गाडी वीतभर वर आली. मीही वीतभर उंच झालो, असं मला वाटत होतं. आईला मात्र चढताना पायाखाली पाट द्यावा लागायचा.

फिटरनं मला गाडीखाली वाकायला लावून एक गोष्ट दाखवली होती. स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारी लांब दांडी आधी जवळजवळ आडवी होती, ती आता तिरकी झाली होती. वरचा जोड बदलून ती पुन्हा आडवी करायला हवी, दोन दिवस गाडी ठेवा, असं तो म्हणाला. मला त्या रविवारी कळंबला मावशीच्या दारात गाडी उभी करायची होती. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणतो. घरी यातलं अक्षरही बोललो नाही.

दुसऱ्याच दिवशी मी एकटा मोरीवरून जरा वेगात गेलो. पुढची दोन्ही चाकं उंचवट्यावर चढली, पाटे दबले आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग डावीकडे फिरलं. मी फिरवलं नव्हतं. शेजारी बसलेल्या कुणीतरी हात घालून ओढावं तसं ते फिरलं, आणि शेजारी कुणी नव्हतं. डावीकडे खाडी. मी जीव खाऊन उजवीकडे वळवलं, तेव्हा उतारावर सुटलेली गाडी शेताकडे निघाली. कशीबशी थांबली तेव्हा माझ्या अंगठ्यावर स्टेअरिंगचा फटका बसून तो काळानिळा झाला होता.

आईनं घरी अंगठा पाहिला. मी म्हटलं, मोरीवर गाडी ओढली गेली. ती हळद लावता लावता म्हणाली, "त्या मोरीखालचं पानी जुनं आहे. कोन बसलंय तिथं कोनास ठाऊक. नारळ ठेवायचा राहिला."

इथे मला दांडी आठवायला हवी होती. आठवलीही. पण दांडीचं सांगितलं असतं तर फिटरचं सांगावं लागलं असतं, आणि फिटरचं सांगितलं असतं तर बायकोला वर्षभर पुरेल एवढा मजकूर मिळाला असता. त्यापेक्षा भूत बरं. गंमत म्हणजे आठ-दहा दिवसांत माझाही त्या भुतावर विश्वास बसला. येतानासुद्धा गाडी डावीकडेच ओढायची, म्हणजे शेताच्या बाजूला. त्यावर आईचं उत्तर तयार होतं: जाताना घेतं, येताना सोडतं.

मग वाडीतला नारळ घेऊन निघायचं, मोरीच्या अलीकडे थांबायचं, नारळ ठेवून हात जोडायचे आणि पहिल्या गियरमध्ये सावकाश पलीकडे जायचं, असा नेम सुरू झाला. स्टेअरिंग हललं नाही. एकदाही नाही. आई म्हणाली, मानलं त्यानं. थांबून निघालेली गाडी बैलगाडीच्या चालीनं मोरी ओलांडते, हे मला सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, ते आता सांगता येत नाही.

पुढे एका दुपारी आईला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कळंबला निघालो. मुलगी पुढे, आईच्या मांडीवर. नारळ घरी राहिला. भरती चढत होती, मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. आई म्हणाली, चल, येताना दोन ठेवू.

मी थांबलो नाही.

स्टेअरिंग फिरलं. या वेळी मी ते दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, तरी ते माझ्या मुठीतून सरकल्याचं मला जाणवलं. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढचं डावं चाक बांधाच्या कडेबाहेर होतं आणि काठाची माती पाण्यात पडत असल्याचा बारीक आवाज येत होता. आईनं मुलीला पोटाशी दाबलं होतं. मुलगी रडली नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. टेम्पोवाल्यानं दोर लावून आम्हाला मागे ओढलं, तोवर मला दार उघडायचं कसं तेही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वालीवला न्यायची म्हटल्यावर आई म्हणाली, मीपन येते. गाडीत बसली नाही, रिक्षानं आली.

फिटरनं जीप उभी केली, चाकं जमिनीवरच ठेवून चेसीखाली जॅक लावला आणि दांडा मारू लागला. गाडीचं अंग वर उठलं तसं आतलं स्टेअरिंग आपोआप फिरू लागलं. आत कुणी नव्हतं. जॅक उतरवला, ते परत फिरलं. आईनं माझा दंड धरला.

"आजी, दांडी तिरकी आहे. पाटे दबले-उठले की ती स्टेअरिंग ओढते," फिटर म्हणाला. "साहेबांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

आईनं दंड सोडला.

"म्हंजे मोरीत कोन नव्हतं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"तू होतास."

जोड बदलला, दांडी आडवी झाली, स्टेअरिंग गप्प बसलं. मी रिकामी जीप मोरीवरून दहा वेळा नेऊन पाहिली. पण आई मोरी आली की गाडी थांबवायला सांगायची, नातीला घेऊन उतरायची आणि चालत पलीकडे जायची. मी मागून रिकामी गाडी न्यायचो, पलीकडे थांबायचो आणि खाली पाट ठेवायचो. पूर्ण पावसाळा असा गेला.

दिवाळीच्या सुमारास एकदा मी सवयीनं मोरीअलीकडे थांबलो. आई उतरली नाही. तिनं मुलीला मांडीवर नीट घेतलं, दुसऱ्या हातानं समोरचा दांडा धरला आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "चल."

मी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली. गाडीत आता काही दोष नव्हता. मी मात्र स्टेअरिंग त्या दिवशी जितकं आवळून धरलं तितकं पुढचं चाक बांधाबाहेर गेलं तेव्हाही धरलं नव्हतं.